वाणीची पारख : देवाचा आवाज ओळखण्याच्या परंपरेचा आढावा

देव माणसाशी बोलतो ही श्रद्धा एकदा स्वीकारली, की त्यानंतरचा खरा प्रश्न देवाच्या बोलण्याविषयी नसून माणसाच्या ऐकण्याविषयी असतो. मनात अकस्मात उमटलेला, कानी पडल्यासारखा वाटलेला किंवा धर्मग्रंथ वाचताना जिव्हारी भिडलेला शब्द देवाचा आहे, की स्वतःच्या इच्छेने, भीतीने किंवा महत्त्वाकांक्षेने घेतलेले ते दैवी रूप आहे, हे ठरवायचे कसे, आणि ठरल्यावर त्याला प्रतिसाद द्यायचा कसा, या दुहेरी प्रश्नावर यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेने दोन-अडीच हजार वर्षे विचार केला आहे. या विचाराला ख्रिस्ती साधनेत ‘आत्म्यांची पारख’ असे नाव असून ‘आत्मा’ या शब्दाने तेथे माणसाला एखाद्या दिशेला ओढणारी, मग ती चांगली असो वा वाईट, अशी प्रेरणा अभिप्रेत असते. या परंपरेचा इतिहास पाहता एक गोष्ट सतत प्रत्ययास येते : ज्यांनी अशी वाणी सर्वाधिक ऐकली त्यांनीच तिच्याबाबत सर्वाधिक सावधगिरी बाळगली, कारण वाणीची ओळख ऐकण्याच्या क्षणी पूर्ण होत नाही, तर ती पुढच्या काळात, इतरांच्या साक्षीने आणि प्रत्यक्ष आचरणाच्या ओघात हळूहळू सिद्ध होते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

बायबलमधील शमुवेलाच्या कथेत हे सूत्र बीजरूपाने आढळते. शिलो येथील मंदिरात झोपलेल्या या बालकाला रात्री हाक ऐकू येते आणि तो प्रत्येक वेळी वृद्ध याजक एली याच्याकडे धावत जातो. तिसऱ्या खेपेला एलीच्या लक्षात येते, की मुलाला देव हाक मारीत आहे, आणि मग तो उत्तर कसे द्यायचे ते त्याला शिकवतो. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, ही येथील रचना फार अर्थपूर्ण आहे, कारण ज्याला स्वतःला हाक ऐकू आलेली नाही असा, दृष्टी मंदावलेला गुरू शिष्याच्या अनुभवाचा अर्थ लावतो. त्याहून महत्त्वाचे असे, की शमुवेलाला मिळालेला पहिलाच निरोप एलीच्या घराण्याच्या विनाशाचा असतो आणि सकाळी तो ऐकल्यावर एली त्याचा अव्हेर करीत नाही. आपल्याविरुद्ध गेलेली वाणीही खरी असू शकते हे मान्य करणारा माणूसच दुसऱ्याच्या श्रवणाचा मार्गदर्शक होऊ शकतो, ही अट पुढच्या कित्येक शतकांत अनेक मार्गदर्शकांना पाळता आलेली नाही.

संदेष्ट्यांच्या काळात प्रश्न सार्वजनिक झाला, कारण देवाच्या नावाने बोलणारे अनेक होते आणि ते परस्परविरोधी बोलत होते. ‘अनुवाद’ या ग्रंथात यासाठी दोन कसोट्या दिल्या आहेत : भाकीत खरे ठरले नाही तर ते देवाचे नव्हे, आणि खरे ठरले तरीही ते ऐकणाऱ्याला देवापासून दूर नेत असेल तर ते मानू नये. यांतील पहिली कसोटी निर्णयाच्या घडीला निरुपयोगी असते, कारण भाकिताचा खरेखोटेपणा कळेपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असते. दुसरी अधिक खोल आहे, कारण ती चमत्कारापेक्षा दिशेला महत्त्व देते. यिर्मया आणि हनन्या यांच्या संघर्षात हा पेच तीव्रतेने दिसतो. बाबेलची सत्ता दोन वर्षांत मोडेल असे हनन्या लोकांना हवेहवेसे भाकीत करतो आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू सर्वांसमक्ष मोडून टाकतो. त्यावर यिर्मया, तसे झाले तर बरेच होईल असे म्हणून, शांततेचे भाकीत करणाऱ्याची पारख भाकीत खरे ठरल्यावरच होते याची आठवण देतो आणि निघून जातो. हनन्याला द्यायचे उत्तर त्याला त्यानंतर, वेगळ्या वेळी मिळते. स्वतःजवळ वाणी नसताना ती असल्याचा आव न आणणे, हे खऱ्या संदेष्ट्याचे लक्षण या प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हीच सावधगिरी व्यवहारात आणली. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला एकीकडे संदेश तुच्छ मानू नयेत असे बजावले, तर दुसरीकडे सर्व गोष्टींची पारख करण्यास सांगितले. ‘डिडाखे’ या आद्य ख्रिस्ती नियमग्रंथात फिरत्या संदेष्ट्याविषयी इतके रोखठोक नियम आहेत, की तीन दिवस मुक्काम करणारा किंवा आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणारा खोटा समजावा असे तेथे सांगितले आहे. पुढे इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी बाहेरच्या भोंदूपेक्षा आतल्या भ्रमाकडे लक्ष वळवले. जॉन कॅसियन याने नोंदवलेली हेरॉन नावाच्या वृद्धाची कथा या दृष्टीने हादरवून टाकणारी आहे : पन्नास वर्षे कठोर उपवास आणि एकांत पाळलेल्या या तपस्व्याने, सणाच्या दिवशी बंधूंसोबत जेवायला बसल्यास आपले व्रत ढिले पडेल या भीतीने त्यांची संगत टाळली, आणि शेवटी देवदूत म्हणून आलेल्या प्रेरणेवर विश्वास ठेवून, आपल्या पुण्याईमुळे इजा होणार नाही या खात्रीने, खोल विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढल्यावरही, तिसऱ्या दिवशी प्राण जाईपर्यंत, तो भ्रम होता हे त्याला पटले नाही. मोबदला मागणारी वाणी संशयास्पद असते हे खरे असले, तरी त्याग मागणारी वाणी त्याच कारणाने खरी ठरत नाही, आणि तपाची तीव्रता ही पारखेची हमी नव्हे, हा या कथेचा निष्कर्ष पुढील सर्व विचाराला पायाभूत ठरला.

मध्ययुगात हा विषय विद्यापीठांत आणि न्यायासनांपुढे गेला. पॅरिसचा कुलपती जाँ जेर्सों याने १४०१च्या सुमारास खऱ्या आणि खोट्या दर्शनांतील भेदावर ग्रंथ लिहून, दर्शन झालेल्या व्यक्तीची नम्रता, विवेक, सहनशीलता, सत्यनिष्ठा आणि प्रेमभाव तपासावा असे सुचवले, म्हणजेच दर्शनाऐवजी द्रष्ट्याच्या जीवनाकडे पाहण्याची पद्धत रूढ केली. ही पद्धत चांगली असली तरी ती वापरणारे हात निर्मळ असतीलच असे नाही. संतांचे आवाज ऐकल्याचे सांगणाऱ्या जोन ऑफ आर्कला धर्मन्यायालयाने दोषी ठरवले आणि १४३१मध्ये रुआँ येथे तिला जाळण्यात आले. १४५६मध्ये तो निकाल रद्द झाला आणि १९२०मध्ये तिला संतपद देण्यात आले. संस्थेची पारखही चुकू शकते, विशेषतः पारखणाऱ्यांचा निकालात राजकीय स्वार्थ गुंतलेला असेल तेव्हा, हे मान्य केल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येत नाही.

पारखेच्या या प्रदीर्घ अनुभवाला शिकता आणि शिकवता येईल अशा साधनेचे रूप दिले ते लोयोलाच्या इग्नेशियसने. १५२१च्या मे महिन्यात पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा बास्क सरदार घरी खिळून पडला असताना, वाचायला शौर्यकथा मिळाल्या नाहीत म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचू लागला. एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम करण्याची आणि संतांसारखे कठोर जीवन जगण्याची, अशी दोन्ही प्रकारची स्वप्ने तो रंगवीत असे आणि दोन्हींत त्याला सारखाच आनंद मिळत असे. फरक एवढाच होता, की पहिल्या प्रकारच्या विचारांनंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, तर दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राही. हा फरक त्याच्या ध्यानात यायला काही काळ गेला. जगाच्या दृष्टीने क्षुल्लक अशा या निरीक्षणात एक मोठी पद्धत दडलेली होती, कारण विचार येताना किती गोड वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय उरते, याकडे लक्ष देण्याची सवय त्यातून जन्मली.

मानरेसा येथे पुढील सुमारे वर्षभरात इग्नेशियसला या पद्धतीची कसोटी स्वतःवरच पाहावी लागली. आधी कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून तो इतका छळला गेला, की जीव देण्याचे विचारही त्याच्या मनात आले. नेत्रांसारख्या अनेक तेजस्वी बिंदूंनी भरलेली एक सुंदर आकृती त्याला वारंवार दिसे आणि तिच्या दर्शनाने त्याला समाधान वाटे. पण पुढे एका क्रुसापुढे प्रार्थना करताना तिचे तेज फिके पडलेले त्याला दिसले आणि ती दुष्ट प्रेरणा असल्याची त्याची खात्री झाली. रात्री झोपण्याच्या वेळी मोठमोठे आत्मिक प्रकाश लाभू लागले, तेव्हा ठरलेल्या झोपेचा वेळ ते खात आहेत हे पाहून त्याने ते बाजूला सारले आणि झोप घेतली. हा शेवटचा निर्णय या साऱ्या इतिहासातील अत्यंत शहाणा निर्णय म्हणावा लागेल, कारण देहाला झिजवून, रोजचे काम बिघडवून येणारी उदात्तताही तपासून पाहण्याचे धैर्य त्यात आहे.

या अनुभवातून तयार झालेल्या आणि १५४८मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात पारखेच्या नियमांचे दोन गट असून ते साधकाच्या दोन अवस्थांसाठी आहेत. त्यांत ‘सांत्वन’ ही संज्ञा श्रद्धा, आशा आणि प्रेम वाढवणाऱ्या आंतरिक स्थितीसाठी, तर ‘शुष्कता’ ही त्याउलट अंधार, अस्वस्थता आणि आळस यांनी ग्रासलेल्या स्थितीसाठी वापरलेली आहे. मात्र सांत्वन म्हणजे सुख आणि शुष्कता म्हणजे दुःख असे समीकरण तेथे नाही, कारण पश्चात्तापाचे अश्रूही सांत्वनात मोडतात. शुष्कतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, हा पहिल्या गटातील नियम सर्वपरिचित आहे. जी प्रेरणा स्वतःला लपवून ठेवायला सांगते ती संशयास्पद मानून जाणत्या व्यक्तीपुढे उघड करावी, हा नियमही तितकाच मोलाचा आहे. दुसरा गट अधिक सूक्ष्म आहे, कारण चांगल्या मार्गाला लागलेल्या साधकाला वाईट प्रेरणा उघडपणे न भुलवता चांगल्याच्या वेषात भुलवते, असे तो गृहीत धरतो. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असा सगळा प्रवाह पाहावा लागतो, आणि शेवट मनाला पूर्वीपेक्षा अशांत किंवा कमी चांगल्या गोष्टीकडे नेणारा असेल तर आरंभीची पवित्रता फसवी मानावी लागते. चांगल्या साधकाला चांगली प्रेरणा स्पंजवर पडणाऱ्या पाण्याच्या थेंबासारखी हळुवार आणि वाईट प्रेरणा दगडावर आदळणाऱ्या पाण्यासारखी कर्कश जाणवते, असे तेथे म्हटले आहे. आणि कोणत्याही बाह्य कारणाशिवाय देवाकडूनच आलेल्या सांत्वनातही, तो मूळ क्षण आणि त्यानंतर स्वतःच्या बुद्धीने त्याला जोडलेले बेत व अर्थ, यांत भेद करावा, असा इशारा दिलेला आहे. ‘देवाने मला सांगितले’ असे म्हणणाऱ्या माणसाचे बहुतेक अपघात याच फटीत घडतात : स्पर्श खरा असतो आणि त्यावर रचलेली योजना त्याची स्वतःची असते.

इग्नेशियसच्या पुढच्या पिढीतील दोन स्पॅनिश कार्मेलवासी संतांनी शब्दरूपाने ऐकू येणाऱ्या वाणीचा अधिक बारकाईने विचार केला. आविलाच्या तेरेसाने १५७७मध्ये लिहिलेल्या ‘अंतःकरणाचा किल्ला’ या ग्रंथात देवाच्या शब्दांची खूण म्हणून तीन गोष्टी सांगितल्या आहेत : ते शब्द जे बोलतात ते घडवून आणण्याचे सामर्थ्य त्यांत असते, ते आत्म्याला शांत करून जातात आणि ते दीर्घकाळ स्मरणातून जात नाहीत. दुर्बल कल्पनाशक्तीच्या किंवा विषण्ण प्रकृतीच्या व्यक्तींना असे शब्द ऐकू आले तर त्यांना घाबरवू नये आणि त्या शब्दांना महत्त्वही देऊ नये, त्यांच्याकडे आजारी माणसाच्या बोलण्याप्रमाणे पाहावे, हा तिचा सल्ला त्या काळाच्या मानाने विलक्षण मायेचा आहे. क्रुसाच्या योहानाची भूमिका याहून कडक होती. ध्यानाचा अल्पस्वल्प अनुभव असलेली माणसेही मनातल्या प्रत्येक शब्दाला देवाचा शब्द म्हणू लागली आहेत याचे त्याला आश्चर्य वाटे. देवाने जे सांगायचे ते ख्रिस्तात संपूर्णपणे सांगितले आहे, तेव्हा नव्या वाणीची आकांक्षाच धरू नये आणि आलीच तर तिच्यात गुंतू नये, असे त्याचे मत होते. ती खरोखर देवाची असेल तर तिचा परिणाम साधकाने तिला कवटाळले नाही तरी होतोच, हा त्याचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

धर्मसुधारणेनंतर याजकांचे आणि संस्थेचे माध्यम दूर सारणाऱ्या पंथांपुढे हा प्रश्न नव्याने उभा राहिला. म्युन्स्टर शहरात स्वतःला संदेष्टा मानणारा यान मथायस १५३४च्या ईस्टरला मूठभर सोबत्यांनिशी वेढा घातलेल्या सैन्यावर चालून गेला आणि मारला गेला. त्याच्यानंतर तेथे उभी राहिलेली सत्ता बहुपत्नीत्व आणि देहदंड दैवी आज्ञेच्या नावाने लादत राहिली. याच्या अगदी उलट उदाहरण सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उगम पावलेल्या क्वेकर पंथाचे आहे. प्रत्येकाच्या अंतरी प्रकाश असतो असे मानूनही या पंथाने सामूहिक मौनाची सभा आणि परस्परांच्या प्रेरणेची शांतपणे केलेली तपासणी यांना मध्यवर्ती स्थान दिले. अमेरिकेतील जॉन वुलमन याला गुलामाच्या विक्रीचे कागद लिहिताना जी अंतरीची बेचैनी जाणवली ती त्याने जाहीर आदेश म्हणून मांडली नाही. गुलाम बाळगणाऱ्या बांधवांच्या घरी जाऊन तो त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलत राहिला, १७५८मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने या प्रश्नावर ठाम पाऊल उचलले आणि १७७६मध्ये, वुलमनच्या मृत्यूनंतर, सदस्यांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. इतक्या संथ गतीला गुलामगिरीत पिचणाऱ्यांनी मोजलेली किंमत प्रचंड होती हे विसरता येणार नाही. तरीही एका माणसाला ऐकू आलेली गोष्ट सक्तीविना समूहाची श्रवणशक्ती कशी घडवू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे अवघड आहे.

मराठी प्रदेशाला हा प्रश्न परका नाही. स्वप्नात नामदेवांनी पांडुरंगासह येऊन कवित्वाची आज्ञा केल्याचे आणि बाबाजींनी स्वप्नातच उपदेश दिल्याचे तुकारामांनी अभंगांत नोंदवले आहे, आणि आपल्या मुखातून निघणारे बोल आपले नसल्याची त्यांची भावना सर्वज्ञात आहे. पण त्या वाणीचा अधिकार त्यांनी स्वतःच्या मोठेपणासाठी वापरला नाही, उलट त्यापायी विरोध सोसला. ख्रिस्ती पारखेचा थेट संघर्ष मात्र पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसतो. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाईंचा तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, त्यात धर्ममताच्या बाबतीत अधिकाऱ्यांचे ऐकावे असा आग्रह एका बाजूला आणि देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती सोपवता येणार नाही अशी भूमिका दुसऱ्या बाजूला आहे. रमाबाईंच्या ठामपणाला तेथे अहंकार समजले गेले. मार्गदर्शकाची आज्ञा पाळावी हा तेरेसाचा नियम ज्या परिस्थितीत जन्मला तिथे मार्गदर्शक आणि साधक एकाच समाजातले होते. राज्यकर्त्या देशातील संस्था आणि जित देशातील विधवा यांच्यात तोच नियम सत्तेचे साधन बनतो, हे रमाबाईंनी ओळखले आणि आपल्या श्रवणाची जबाबदारी आपल्याकडेच ठेवली. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५मध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली तेव्हा तिला दडपून न टाकता, मुलींच्या तुकड्या गावोगावी सेवेला आणि प्रचाराला पाठवून त्यांनी तिला कामाची दिशा दिली.

पुण्याशी जोडलेली आणखी एक घटना या संदर्भात टाळता येत नाही. येरवड्याच्या तुरुंगात असताना, १९३३च्या एप्रिलअखेरीस एका रात्री गांधीजींना एकवीस दिवसांच्या उपवासाचा आदेश देणारा आवाज स्पष्ट ऐकू आला; ८ मे रोजी उपवास सुरू झाला, त्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि २९ मे रोजी ‘पर्णकुटी’ या बंगल्यात तो पूर्ण झाला. तो भास नव्हता याचा संशयी माणसाला पटेल असा पुरावा आपल्यापाशी नाही, हे त्यांनी ‘हरिजन’मध्ये मोकळेपणाने मान्य केले, त्याआधी १९३१मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बोलताना, शिस्त आणि व्रते यांतून न जाता कोणीही उठून अंतर्वाणीचा हक्क सांगू नये, असेही ते म्हणाले होते. हा उपवास आत्मशुद्धीसाठी असल्याने त्याचा भार मुख्यतः त्यांच्याच देहावर होता. सप्टेंबर १९३२मधील उपवासही देवाच्या हाकेनेच ठरवल्याचे त्यांनी म्हटले होते. परंतु त्याचा भार दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांवर आणि म्हणून डॉ. आंबेडकरांवर पडला, आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार त्या दडपणाखाली झाला. गांधीजींच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही असे म्हणावे लागते, की एकाने ऐकलेल्या वाणीची किंमत जेव्हा दुसऱ्याला मोजावी लागते तेव्हा ती वाणी केवळ ऐकणाऱ्याच्या खात्रीवर उभी राहू शकत नाही. जिच्यावर परिणाम होणार त्या व्यक्तीची साक्ष पारखेत सामील असणे न्यायाचे आहे. जुन्या नियमग्रंथांत ही कसोटी पुरेशी स्पष्ट नाही, आणि ती त्यांची मोठी उणीव आहे.

अलीकडच्या काळात मानवशास्त्रज्ञ तान्या लुहर्मन यांनी अमेरिकेतील व्हिनयार्ड चर्चमध्ये केलेल्या अभ्यासातून, २०१२च्या आपल्या ग्रंथात, देवाचा आवाज ओळखणे हे सरावाने येणारे कौशल्य असल्याचे दाखवून दिले. मनात आलेला विचार आपल्या नेहमीच्या विचारांपेक्षा वेगळा आहे काय, बायबलमधील देवाच्या स्वभावाशी तो जुळतो काय, त्यामुळे शांती लाभते काय आणि इतरांकडून त्याला दुजोरा मिळतो काय, अशा कसोट्या तेथील सभासद लावतात, आणि कल्पनेत तल्लीन होण्याची क्षमता ज्यांच्यात जास्त असते त्यांना असे अनुभव अधिक येतात. सॅन मॅटिओ, आक्रा आणि चेन्नई येथील मनोरुग्णांच्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात चेन्नईतील अनेकांना नातेवाइकांचे, कामे सांगणारे आवाज ऐकू येतात असे आढळले, यावरून ऐकण्याचे रूप संस्कृती घडवते हे उघड होते. अशा संशोधनाने श्रद्धा खोटी ठरत नाही आणि सिद्धही होत नाही; मन कसे ऐकते एवढेच ते सांगते, आणि तेरेसाच्या सल्ल्यातील शहाणपणाला त्यामुळे पुष्टी मिळते. ज्याला आवाज छळतात, इजा करायला सांगतात किंवा झोप आणि अन्न हिरावून घेतात, त्याला प्रार्थनेसोबत वैद्यकीय उपचारही मिळाले पाहिजेत, याबाबत आज कोणत्याही जबाबदार धर्मगुरूच्या मनात संदेह असू नये.

प्रतिसादाचा प्रश्न सर्वांत कठीण होतो तो वाणी थांबल्यावर. मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या आगगाडीत अत्यंत गरिबांची सेवा करण्याची हाक ऐकू आली आणि पुढील काही महिने ती वाणी येत राहिली; त्यांनी ती आपले मार्गदर्शक फादर व्हॅन एक्झेम यांना सांगितली, आर्चबिशप पेरिए यांनी घाई न करता दीर्घकाळ तिची तपासणी केली, आणि १९४८च्या ऑगस्टमध्ये त्या लोरेटोचा मठ सोडून बाहेर पडू शकल्या. काम सुरू झाल्यावर मात्र आतला आवाज मिटला, आणि मधला एक अल्प कालखंड वगळता देवाच्या सान्निध्याची जाणीव त्यांना आयुष्यभर पुन्हा झाली नाही, हे त्यांच्या पत्रांवरून त्यांच्या निधनानंतर जगाला कळले. १९६१च्या सुमारास त्यांनी ही अवस्था पुण्यात अध्यापन करणारे येशूसंघीय धर्मपंडित जोसेफ नॉयनर यांच्यापुढे मांडली. हा अंधार त्यांच्या एखाद्या अपराधामुळे आलेला नाही, तो दूर करण्याचा मानवी उपाय नाही आणि देवाविषयीची त्यांची तळमळ हीच त्याच्या गुप्त सान्निध्याची खात्रीशीर खूण आहे, असे नॉयनर यांनी त्यांना सांगितले. त्यानंतर त्या अंधाराचा स्वीकार करणे त्यांना शक्य झाले आणि तो सरला नसतानाही, १९४६मध्ये ऐकलेल्या हाकेनुसार, त्या १९९७पर्यंत काम करीत राहिल्या.